थंड पेयांचं वेंडिंग मशीन हलवताना कॉम्प्रेसर कसा वाचवायचा?

मोकळी_वाट

मंडळी, मदत हवी आहे. माझी चार वेंडिंग मशीन्स आहेत. त्यातली दोन महिनाअखेरीस दुसऱ्या इमारतीत हलवायची आहेत. एक काचेच्या दाराचं, बाटल्या खाली उतरवणारं, आणि दुसरं जुन्या पद्धतीचं, डब्यांच्या उभ्या रांगांचं. दुसरं पहिल्या मजल्यावर न्यायचं आहे.

एवढ्यासाठी धागा कशाला, असं वाटेल. पण मागच्या खेपेला मी एक मशीन गमावलंय. वाहतूकवाल्यांनी ते गाडीत चक्क आडवं टाकलं. मी तिथे नव्हतो. संध्याकाळी पोचलं, उभं केलं, आणि अर्ध्या तासात मीच बटण दाबलं. कॉम्प्रेसर सुरू झाला, चालतही राहिला, पण रात्रभरात आतली हवा दोन अंशांनीसुद्धा उतरली नाही. मेकॅनिकने दाब पाहिले तर सक्शनचा (गॅस ओढणाऱ्या बाजूचा) आणि डिस्चार्जचा (गॅस ढकलणाऱ्या बाजूचा) जवळजवळ सारखाच. म्हणाला, आतली झडप गेली, कॉम्प्रेसर बदला. त्या मशीनच्या वयाकडे बघता तो खर्च करण्यात अर्थ नव्हता.

जो तो सांगतो, "२४ तास उभं ठेवा, मग चालू करा." बस, एवढंच. पण २४ तासच का? आणि एवढ्यावर भागतं का? ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांनी कृपया लिहा.

शीतयंत्री

चांगला धागा काढलात. जरा सविस्तर लिहितो, कारण कॉम्प्रेसरच्या आत काय असतं ते डोळ्यांपुढे आलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

या मशीन्समध्ये तो काळा, वेल्डिंगने बंद केलेला डबा असतो ना, त्यात मोटर आणि पंप दोन्ही असतात. हा जोड डब्याला नटबोल्टने घट्ट आवळलेला नसतो. तीन किंवा चार स्प्रिंगांवर तो तरंगत बसलेला असतो, म्हणजे चालताना थरथर बाहेर येत नाही. डब्याच्या तळाशी तेल असतं, साधारण पाव लिटरच्या आसपास. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन हलवणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, आत तिरकं भोक असतं. शाफ्ट फिरला की त्यातून तेल वर चढतं आणि बेअरिंगना मिळतं. पंपातून बाहेर जाणारा गॅस एका बारीक वळणदार नळीतून जातो. ही नळीही पंपाबरोबर हलावी म्हणून लवचीक वळणाची केलेली असते.

आता हा डबा आडवा करा. तीन गोष्टी होतात.

एक, तेल तळ सोडतं. पिस्टनवाल्या कॉम्प्रेसरमध्ये डब्याच्या आतली सगळी जागा सक्शनच्या बाजूची, म्हणजे कमी दाबाची असते, आणि कूलिंग कॉइलकडून येणारी जाड नळी थेट त्या जागेत उघडते. ती नळी खालच्या बाजूला आली की तेल सरळ नळीत वाहतं.

दोन, तेल पंपाच्या गॅस ओढणाऱ्या तोंडाशी येतं, सिलिंडरपर्यंत पोचतं. पंप गॅस दाबायला बनवलेला आहे. तेल दाबलं जात नाही. लगेच चालू केलंत तर पिस्टन त्या तेलावर आदळतो, आणि पोलादाच्या पातळ पात्याची झडप वाकते नाहीतर तुटते. तुमच्या मशीनचं बहुधा हेच झालं. कॉम्प्रेसर चालतो पण गॅस पुढे ढकलत नाही, दोन्ही दाब सारखे, ही त्याचीच लक्षणं.

तीन, आणि याबद्दल फारसं कोणी बोलत नाही: स्प्रिंगांवर उभा राहायला बनवलेला पंप आडवा लटकतो. त्यात गाडीने खड्ड्यात दणका खाल्ला तर पंप डब्याच्या भिंतीवर आपटतो. स्प्रिंग निसटते, नाहीतर ती वळणदार नळी तडकते. हे कितीही तास थांबून दुरुस्त होत नाही.

आता २४ तासांचं. थांबल्याने काय परत येतं? डब्यातलं आणि डब्याकडे उतार असलेल्या नळीतलं तेल. तेवढंच. जे तेल नळीचं वळण ओलांडून कूलिंग कॉइलमध्ये गेलं, ते नुसतं उभं ठेवून परतत नाही, कारण मध्ये चढ असतो. ते पुढे गॅसच्या प्रवाहाबरोबर हळूहळू येतं. म्हणून माझं मत असं, की किती तास थांबलात यापेक्षा कुठल्या बाजूला कलवलंत आणि किती आपटलंत याला महत्त्व जास्त.

चिकित्सक_मन

शीतयंत्री, माहिती आवडली, पण एक शंका. घरचा फ्रिज मी स्वतः दोनदा आडवा करून नेलाय. एकदा तर नेल्या नेल्या चालू केला. काहीही झालं नाही. मग हे सगळं थोडं जास्तच घाबरवणं नाही का?

शीतयंत्री

प्रामाणिक प्रश्न आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. तुमचा फ्रिज वाचला कारण बहुधा सक्शनची नळी वरच्या बाजूला राहिली, आणि रस्ता बरा होता. दहापैकी बरेच वाचतात, हे खरंच आहे. पण तुम्ही आडवा केला तो फ्रिज दोन माणसांनी हळूच टेकवता येतो. वेंडिंग मशीन रिकामं असताना २५० ते ४०० किलोच्या घरात असतं. ते हळूच टेकवता येत नाही, शेवटची वीतभर ते पडतंच. शिवाय घरच्या फ्रिजला नुसतं कपाट आहे. इथे मोटरा, माल पुढे ढकलणारी सर्पिलं, नोटा घेणारं यंत्र, काच, सगळं आहे. आडवं केल्यावर कॉम्प्रेसर वाचला तरी दाराची बिजागरी बसलेली मी पाहिली आहेत.

दोरखंड

मी जड सामान हलवण्याच्या धंद्यात आहे, गॅसबिस मला कळत नाही. पण मशीन आडवं का पडतं ते माहीत आहे. बहुतेक वेळा कोणी मुद्दाम आडवं करत नाही. दारातून जाईना, लिफ्टमध्ये उभं मावेना, जिन्यात वळेना, की मग ऐनवेळी "करा रे आडवं" होतं. म्हणजे हा प्रश्न आदल्या आठवड्यात टेप घेऊन सोडवायचा आहे.

मोजताना मशीनची उंची मोजून थांबू नका. हातगाडीवर कलवलं की मशीनची कर्णाची उंची लागते, शिवाय गाडीच्या चाकांची. दाराच्या चौकटीला वरून दार आपोआप बंद करणारा दांडा असतो, तो हमखास विसरला जातो. लिफ्टवर किती किलोची पाटी आहे ते पाहा, आणि त्यात मशीन, गाडी आणि माणूस तिन्ही धरा.

आता कामाचा क्रम, मी करतो तसा:

माल पूर्ण काढायचा. ३३० मिलीचा भरलेला डबा साधारण ३५० ग्रॅम भरतो, म्हणजे ४०० डबे राहिले तर १४० किलो. आणि हे वजन वरच्या रांगांत असेल तर मशीन लगेच डोक्यावर भारी होतं. ट्रे काढता येत असतील तर काढा, नाहीतर चिकटपट्टीने जागच्या जागी बांधा. खालचं पाण्याचं तबक रिकामं करून पुसून घ्या, कारण कलवल्यावर ते पाणी नेमकं वायरींवर जातं. वायर गुंडाळून मागे चिकटवा, चाकाखाली आली की प्लग तुटतो.

दार कुलूप लावून बंद करा, वर पट्टा मारा. या मशीन्सचं दार फार जड असतं. वाटेत उघडलं तर सगळा तोल पुढे येतो. किल्ली तुमच्या खिशात, मशीनच्या आत नाही.

हातगाडी नेहमी बाजूने किंवा मागून घालायची, आणि मागून घालणार असाल तर कंडेन्सरची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी जाळी कुठे आहे ते आधी पाहा. पट्टा जाळीवर, काचेवर किंवा बटणांच्या पॅनेलवर आवळू नका. कोपऱ्यांना जाड कापड लावून सांगाड्यावर आवळा. पायांचे स्क्रू पूर्ण आत फिरवून घ्या. उंबऱ्याला पाय अडकून मशीन झटक्यात थांबतं, तो झटका मला नेहमी सगळ्यात वाईट वाटतो.

आणि एक मनापासून सांगतो. मशीन कलायला लागलं आणि हातातून सुटलं तर सोडून बाजूला व्हा. अडवायला जाऊ नका. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९९५ साली सांगितलं होतं की १९७८ पासून पेयांची मशीन्स अंगावर पडून किमान ३७ माणसं गेली आणि ११३ जखमी झाली. ती माणसं हलवणारी नव्हती, मशीन गदागदा हलवून डबा किंवा पैसे काढू बघणारी होती. पण वजन तेच आणि पडण्याची रीतही तीच.

मोकळी_वाट

दोरखंड, टेप घेऊन गेलो आणि तुमचं म्हणणं लगेच पटलं. काचेचं मशीन उभं जातंय. डब्यांचं मशीन जिन्याच्या वळणावर अडतंय. उभं ठेवून तिथे वळवायला सुमारे १२ सेंटीमीटर कमी पडतात. म्हणजे बरंच कलवावं लागणार, साधारण ५०-६० अंश. लिफ्टचा दरवाजा अरुंद आहे. आता?

शीतयंत्री

हातगाडीवर ३०-४० अंश थोडा वेळ कललं तर चालतं, फक्त जाड नळी वर राहील असं बघा. ५०-६० अंशांवर जिन्यात अडकून राहणं मला पसंत नाही. पण त्याआधी एक बघा. डब्यांच्या मशीनचं दार उघडा, आतलं खालचं पत्र्याचं झाकण काढा आणि मला सांगा, कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि कूलिंग कॉइल एकाच पत्र्याच्या तबकावर बसवलेले आहेत का? समोर दोन-चार बोल्ट दिसतात का?

मोकळी_वाट

हो! बॅटरी घेऊन वाकून बघितलं. एक रुंद तबक आहे, समोर दोन बोल्ट, डावीकडे एक मोठा प्लग, आणि दोन बारीक वायरी वर जातात. कॉइलच्या भोवती काळी स्पंजची पट्टी आहे.

शीतयंत्री

मग तुमचं काम सोपं झालं. डब्यांच्या बऱ्याच मशीन्समध्ये सगळं थंड करायचं यंत्र असं एका तबकावर असतं आणि ड्रॉवरसारखं पुढे सरकतं. नळ्या मशीनच्या अंगात कुठेही शिरत नाहीत, त्यामुळे गॅस काढायची गरजच नाही. बोल्ट काढा, प्लग काढा, तापमान मोजणारी वायर कुठे खोचली होती त्याचा फोटो काढा, आणि दोन जणांनी तबक उचलून उभ्या स्थितीतच वेगळं न्या. मग मागे नुसतं कपाट उरतं. ते जिन्यात कलवा, आडवं करा, कॉम्प्रेसरला त्याचं काही देणंघेणं नाही.

जपायचं ते असं. तबक उचलताना नळ्यांना धरायचं नाही, पत्र्याला धरायचं. कॅपिलरी म्हणजे ती केसासारखी बारीक तांब्याची गुंडाळी, तिचं आतलं भोक मिलिमीटरच्या आसपास असतं. ती एकदा दबली की संपलं. परत बसवताना ती स्पंजची पट्टी चहूबाजूंनी नीट बसली पाहिजे. फट राहिली तर बाहेरची दमट हवा आत येते, कॉइलवर बर्फ धरतो, आणि आठवड्याभराने लोक म्हणतात "हलवताना गॅस गेला."

निळी_छत्री

मध्येच शिरते, कारण एक गोष्ट कोणी लिहिली नाही. गॅस कुठला आहे ते आधी पाटीवर वाचा. जुन्या मशीनमध्ये आर-१३४ए असतो, नव्यांमध्ये बरेचदा आर-२९०, काहींमध्ये आर-७४४. आर-२९० म्हणजे प्रोपेन, पेट घेणारा. मशीनच्या मागे ज्वाळेचं चित्र असलेला त्रिकोण दिसेल.

या मशीन्समध्ये तो असतो थोडाच. व्यावसायिक शीतकपाटांसाठी बरीच वर्षं १५० ग्रॅमची मर्यादा होती, २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाने ती सुमारे ५०० ग्रॅमपर्यंत वाढवली. पण हवेत साधारण २ टक्के प्रोपेन मिसळला की तो पेटू शकतो, आणि हवेपेक्षा तो दीडपट जड असल्याने खाली साठतो. बंद गाडीत नळी तडकली तर तो गाडीच्या तळाशीच बसणार. म्हणून आर-२९०चं मशीन नेताना गाडीत हवा खेळती ठेवा, कोणी विडी-सिगारेट पेटवू नये, आणि पोचल्यावर दार उघडून थोडा वेळ जाऊ द्या, मगच विजेचा विचार करा.

आर-७४४ म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो पेटत नाही, पण त्याचे दाब फार मोठे, चालू असताना ९०-१०० बारपर्यंत जातात. त्याच्या नळ्यांशी स्वतः खेळू नका.

आणखी एक. "हलवलंय, तर एकदा गॅस तपासून घेऊ" म्हणून गेज (दाब मोजायचं यंत्र) लावायला कोणाला बोलावू नका. एवढ्या कमी गॅसच्या मशीनला गेज लावण्यातच थोडा गॅस जातो. ज्याला काही झालेलं नाही त्याला छिद्र पाडण्यात शहाणपण नाही.

शीतयंत्री

निळी_छत्री ताई, शेवटच्या परिच्छेदाला माझे दोन्ही हात वर. नळ्यांच्या जोडांवर तेलाचा ओला डाग दिसतोय का ते बघा. गॅस सुटतो तिथे तेलही सुटतं. शंका वाटली तर साबणाचा फेस लावा. त्याच्या पुढचं काम मेकॅनिकचं.

चिकित्सक_मन

बरं, मी माझं मत थोडं बदलतो. पण तासांचं उत्तर अजून मिळालं नाही. उभंच नेलं तर किती, आडवं नेलं तर किती?

शीतयंत्री

मशीनसोबतच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच पाळा. नसेल तर मी असं करतो. पूर्ण वेळ उभंच राहिलं, गाडीवर चढवण्या-उतरवण्यापुरतं कललं, तर दोन ते चार तास. बरंच कललं किंवा थोडा वेळ आडवं पडलं, तर रात्रभर. तासन् तास आडवं होतं, किंवा कुठल्या बाजूला होतं तेच माहीत नाही, तर पुरे २४ तास.

थंडीत यात भर घाला. गार तेल घट्ट होतं, सावकाश उतरतं. आणि गॅसची सवय अशी, की जिथे सगळ्यात गार असेल तिकडे तो जाऊन बसतो. रात्रभर थंड गाडीत राहिलेल्या मशीनमध्ये तो कॉम्प्रेसरच्या तेलात विरघळून बसतो. तसंच चालू केलं की दाब अचानक उतरतो, तेल सोड्यासारखं फसफसतं आणि फेस होऊन पंपात शिरतं. म्हणून डबा हाताला खोलीइतका उबदार लागेपर्यंत थांबा. गार मशीन उबदार खोलीत आणलं की सर्किट बोर्डावर दवही धरतं, तेही वाळलं पाहिजे.

मोकळी_वाट

आज काचेचं मशीन हललं. वृत्तांत देतो.

सकाळी आठला बंद केलं, माल काढला, तबकात जवळजवळ दोन पेले पाणी निघालं. मागचं झाकण काढून जाड नळी कुठल्या बाजूला आहे ते बघितलं. पाठीमागून बघताना उजवीकडे निघते. म्हणून हातगाडी डाव्या बाजूने घातली, म्हणजे मशीन डावीकडे कलेल आणि नळी वर राहील. आलेल्या माणसांना हे सांगितलं तेव्हा त्यातला एक म्हणाला, "इतकी वर्षं हलवतोय, हे कोणी सांगितलंच नव्हतं." तोच मग दिवसभर बाकीच्यांना बजावत होता.

गाडीत उभंच, भिंतीला टेकवून, दोन पट्टे. खाली जाड रबर. मी मागे बसून गेलो.

फक्त एक गोष्ट घडली. नवीन इमारतीच्या उंबऱ्यावर चाक अडलं आणि मशीन धाडकन चार बोटं खाली बसलं. आवाज ऐकून पोटात गोळा आला. आता उभं आहे, बाराला पोचलं. संध्याकाळी चारला चालू करावं म्हणतो. त्या दणक्याने काही झालं असेल तर कसं कळेल?

शीतयंत्री

चालू करायच्या आधी मागचं झाकण काढून दोन गोष्टी बघा. एक, कोणत्या दोन नळ्या एकमेकींना टेकल्या आहेत का? दणक्याने वाकून टेकल्या असतील तर चालताना घासून घासून काही महिन्यांनी भोक पडेल. हाताने अगदी अलगद, अर्धा बोट अंतर होईल इतपत सोडवा. दोन, पंख्याचं पातं बोटाने फिरवून बघा, कुठे घासत नाही ना.

मग चालू करताना कान कॉम्प्रेसरकडे. सुरू होताना एकदा आणि बंद होताना एकदा आत "डुब" असा आवाज येतो, तो स्प्रिंगांवर पंप डोलल्याचा, त्याची काळजी नको. चालताना सतत पत्र्यावर हातोडी बसल्यासारखी खडखड आली, तर स्प्रिंग निसटली समजा आणि लगेच बंद करा.

मोकळी_वाट

चारला चालू केलं. पंखा सुरू. कॉम्प्रेसर "हम्म्म" असा पाचेक सेकंद, मग "टक", आणि गप्प. तीनेक मिनिटांनी परत तेच. हम्म्म, टक. चार वेळा झालं. बंद केलंय. दणक्यानेच गेलं का हो?

निळी_छत्री

बंद केलंत ते उत्तम केलंत. परत परत चालू करू नका. तो "टक" ओव्हरलोडचा आहे, मोटर जळू नये म्हणून तो वीज तोडतो.

घाबरण्याआधी एक सांगा, मशीन थेट भिंतीतल्या सॉकेटला लावलंय की मध्ये काही आहे?

मोकळी_वाट

मध्ये एक्स्टेंशन वायर आहे. सॉकेट लांब आहे, सात-आठ मीटरची वायर. पातळच आहे, टेबललॅम्पला लावतात तशी.

निळी_छत्री

मग आधी ती काढा. सुरू होण्याच्या क्षणी कॉम्प्रेसर नेहमीच्या चार ते सहा पट करंट ओढतो. पातळ, लांब वायरीत तेवढ्या वेळापुरतं व्होल्टेज खाली बसतं. पंखा आणि दिवे चालतात, त्यामुळे वीज ठीक आहे असं वाटतं. पण मोटरला फिरायला जोर मिळत नाही. पाटीवरच्या व्होल्टेजपेक्षा सुरू होताना १० टक्क्यांहून जास्त उतरत असेल तर दोष तिथेच.

मशीन सॉकेटजवळ सरकवा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या म्हणजे दोन्ही बाजूंचे दाब सारखे होतील, मग थेट लावून बघा.

मोकळी_वाट

थेट लावलं. सुरू झालं! पहिल्या झटक्यात. वीस मिनिटं झाली, आवाज एकसारखा, खडखड नाही. जाड नळीवर हात ठेवला तर गार होत चालली आहे, आणि बारीक नळी हात ठेवता येऊ नये इतकी गरम. ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मी रात्रीत नवीन कॉम्प्रेसर शोधायला लागलो होतो.

शीतयंत्री

वा! जाड गार, बारीक गरम, म्हणजे पंप ढकलतोय, झडपा शाबूत. हे नीट लक्षात ठेवा, कारण हलवल्यानंतर बिघाडाच्या म्हणून येणाऱ्या तक्रारींत माझ्याकडे कॉम्प्रेसर खरोखर गेलेला निघतो तो कमी वेळा. पातळ वायर, भिंतीला चिकटवून ठेवलेलं मशीन, किंवा हलवताना सुटलेली धूळ कंडेन्सरवर बसलेली, यांतलंच काहीतरी असतं. मागे वीतभर जागा सोडा आणि जाळी ब्रशने साफ करा. सॉकेट जवळ नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून नवीन सॉकेट काढून घ्या, एक्स्टेंशन कायमची ठेवू नका.

चिकित्सक_मन

लगेच माल भरायचा का? की यातही तास आहेत?

आकडेमोड

याचं उत्तर गणिताने देता येतं, म्हणून लिहितो. ३३० मिलीचे ३०० डबे म्हणजे साधारण १०० किलो पाणी धरा. ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायचं, म्हणजे २५ अंश. १०० गुणिले ४.२ गुणिले २५, साडेदहा हजार किलोज्यूल, म्हणजे सुमारे २.९ किलोवॅट-तास उष्णता काढायची. मशीनची थंड करण्याची ताकद ५०० वॅट धरली तर नुसत्या पेयाला सहा तास. त्यात आतलं धातूचं सामान आणि भिंतींतून येणारी उष्णता धरली की आठ-दहा तास कुठेच गेले नाहीत. तेवढा वेळ कॉम्प्रेसर एकदाही थांबणार नाही. नुकत्याच हललेल्या कॉम्प्रेसरला पहिल्याच दिवशी एवढं राबवू नये, असं मला वाटतं. आधी रिकामं गार होऊ द्या, मग अर्धा माल, दुसऱ्या दिवशी उरलेला.

दोरखंड

मालाबरोबर पायही बघा. मशीन समपातळीत नसेल तर दार नीट बसत नाही आणि फटीतून गार हवा जाते. काचेवर छोटी पाणपातळी ठेवून चारही पाय फिरवा. माल भरल्यावर परत एकदा बघा, वजनाने एखादा पाय दबतो.

मोकळी_वाट

सगळ्यांसाठी शेवटचा वृत्तांत.

डब्यांचं मशीन काल गेलं. तबक बाहेर काढायला वीस मिनिटं लागली, त्यात दहा मिनिटं एका गंजलेल्या बोल्टला. मी आणि माझा भाऊ, दोघांनी ते उभंच धरून जिना चढवलं. कपाट माणसांनी वळणावर चांगलंच कलवून वर नेलं, आणि पहिल्यांदाच मला त्याची धास्ती वाटली नाही. स्पंजची पट्टी एका कोपऱ्यात फाटली होती, ती बदलली. तबक कुठेच कललं नव्हतं, तरी तीन तास थांबलो. थेट सॉकेट, इलेक्ट्रिशियनने नवीन काढून दिलेलं. आज सकाळी आत ४ अंश.

काचेच्या मशीनला आज सहावा दिवस. अर्धा माल, मग पूर्ण. कॉम्प्रेसर वीस-बावीस मिनिटं चालतो, मग थांबतो.

पुढच्या वेळी मी हजर नसलो तर? म्हणून दोन्ही मशीन्सच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय: "आडवं करू नये. कलवायचं तर जाड नळी वर." ठीक आहे ना?

शीतयंत्री

एक दुरुस्ती. हलवणारा माणूस मागचं झाकण उघडून नळी शोधणार नाही, आणि दार कुलूपबंद असताना आतला कागद त्याला दिसणारही नाही. कागद मशीनच्या पाठीवर बाहेरून लावा, आणि नळीचं नाव न लिहिता बाजू लिहा. काचेच्या मशीनवर "फक्त या बाजूला कलवा" आणि डावीकडे मोठा बाण. डब्यांच्या मशीनवर "आधी खालचं तबक काढा, समोर दोन बोल्ट."

मोकळी_वाट

लगेच बदलतो. बाण लाल रंगाने काढतोय.